डोंगर चढून निधी जमवावा का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची मासिक बैठक भरली होती. हिशेब सांभाळणाऱ्या मैत्रिणीनं वही उघडली, 'तारीख-निधीत चार हजार शंभर रुपये शिल्लक आहेत' असं सांगितलं आणि वही मिटली. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

तारीख-निधी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली किंवा पोटगीसाठी अर्ज केलेल्या बायका आमच्याकडे येतात. वकील त्यांना फुकट मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानं बाईला तो हक्क दिला आहे, तिची मिळकत कितीही असो. पण वकील फुकट मिळाला तरी कोर्टापर्यंत पोचायचं कशानं? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्याचा उपयोग नक्कीच झाला. पण वाडीपासून एसटीच्या रस्त्यापर्यंतची जीप, दिवसभराचं खाणं, बरोबरच्या मुलाचा बिस्किटाचा पुडा, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि या सगळ्याहून मोठी म्हणजे बुडालेली मजुरी, हे कुठल्या सवलतीत बसतं? एका तारखेला पाचशे-सहाशे रुपये सहज जातात. साहेब रजेवर, समोरचा गैरहजर, पुढची तारीख. अशा पाच-सहा तारखा झाल्या की बाई म्हणते, "ताई, जाऊ द्या, मिटवून टाकू." या मिटवण्याला कागदोपत्री समेट म्हणतात. आम्हाला मात्र माहीत असतं, की पुष्कळदा तो समेट नसतो, हातातलं भाडं संपलेलं असतं.

त्या वेळी आमच्याकडे अशा पंचवीस बायकांच्या केसेस चालू होत्या आणि निधीत चार हजार शंभर रुपये होते.

तेव्हा आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजात शिकणारी मैत्रीण म्हणाली, "आपण सगळ्याजणी कळसूबाई चढूया. आपापल्या ओळखीच्या लोकांना सांगायचं, मी महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर चढतेय, त्यासाठी तुम्ही निधीला पैसे द्या. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये नाही का, लोक धावतात आणि संस्थांना पैसे मिळतात!"

बैठकीत दोन तट पडले. मी विरोधातल्या तटात होते, आणि माझं म्हणणं काय होतं ते इथे प्रामाणिकपणे मांडते. कारण तुमच्याही गटात हा प्रश्न आला तर हेच मुद्दे निघतील.

पहिलं म्हणजे, आपण हक्क मागतो. डोंगर चढून दाखवला, आता पैसे टाका, हे कसरत करून थाळी फिरवण्यासारखं झालं. दुसरं, न्याय मिळण्याची सोय करणं हे सरकारचं काम आहे. २००५ च्या कायद्यातच म्हटलंय, की अर्ज मिळाल्यावर साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रयत्न करावा. हे झालं असतं तर तारीख-निधीची गरजच उरली नसती. सरकारच्या कसुरीवर आपण डोंगर चढून ठिगळ का लावायचं? आणि तिसरं, डोंगर चढणार कोण? धडधाकट, सुटी मिळणाऱ्या, घरातून मोकळीक असलेल्या. बाकीच्यांनी खालून टाळ्या वाजवायच्या का?

"हे सगळं बरोबर आहे," हिशेबवाली मैत्रीण म्हणाली, "पण येत्या मंगळवारी तीन तारखा आहेत."

पैसे कुठून यावेत, हा प्रश्न आज छोट्या गटांना फार सतावतो आहे. पूर्वी मोठ्या संस्थांना परदेशी निधी मिळायचा आणि त्यातला काही भाग त्या आमच्यासारख्या गटांना पुढे द्यायच्या. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला आणि एका संस्थेनं तो पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठराविक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. पण आमचा अनुभव असा, की शिलाई मशीन वाटायला कंपनी आनंदानं तयार होते. नवऱ्याविरुद्ध अर्ज केलेल्या बाईच्या एसटीच्या भाड्याचं नाव काढलं, की साहेब घड्याळाकडे बघू लागतात. उरतात आपली माणसं. शेजारी, नातेवाईक, सहकारी, भाजीवाली. त्यांच्याकडे आपण मागतच नाही, कारण आपल्याला लाज वाटते. मोर्च्यात घसा कोरडा पडेपर्यंत घोषणा देणाऱ्या आम्ही, सख्ख्या जावेकडे निधीला दोनशे रुपये मागताना अडखळतो.

बायकांनी डोंगरासाठी पैसे जमवले याची उदाहरणं बैठकीतच निघाली. जपानच्या जुन्को ताबेई १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोचल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्री. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर 'बायकांनी घरी मुलं सांभाळावीत' हेच त्यांना ऐकावं लागलं होतं. जुन्या मोटारींच्या सीटच्या कापडातून त्यांनी सामान ठेवायच्या पिशव्या शिवल्या होत्या. १९७८ साली अमेरिकेतल्या बायकांची तुकडी आर्लिन ब्लम यांच्या नेतृत्वाखाली अन्नपूर्णेवर गेली. त्यांनी घोषणा छापलेले बनियन विकून खर्चाचा मोठा भाग उभा केला. शिखर सर झालं, पण त्याच मोहिमेत दोघी जणी प्राणाला मुकल्या. हे दुसरं वाक्यही आम्ही बैठकीच्या इतिवृत्तात मुद्दाम लिहून ठेवलं.

शेवटी एक मध्यममार्ग निघाला. चढायचं, पण कशासाठी आणि कुठल्या अटींवर, ते आधी ठरवायचं.

अटी

पहिली अट मीच घातली. निधी मागण्यासाठी कुठल्याही बाईची कहाणी विकायची नाही. नाव नाही, फोटो नाही, 'तिच्या पाठीवरचे वळ' नाहीत. तारखेला किती खर्च येतो, तेवढंच सांगायचं. पावतीच्या मागच्या बाजूला कायद्यातली साठ दिवसांची तरतूद छापायची, म्हणजे पैसे देणाऱ्याला कळेल की आपण एका कसुरीची भरपाई करतोय आणि ती कसूर कुणाची आहे. या एका अटीनं माझा निम्मा विरोध मावळला. ज्या भाजीवालीनं वीस रुपये दिले, तिनं पावती उलटून विचारलं, "साठ दिवस? माझ्या पोरीचं चौथं वर्ष चाललंय." वीस रुपयांपेक्षा हा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटतो.

दुसरी अट: जमलेल्या पैशातला एकही रुपया सहलीवर खर्च करायचा नाही. परदेशात आफ्रिकेतल्या किंवा हिमालयातल्या शिखरांवर जे धर्मादाय ट्रेक निघतात, त्यांत अनेकदा जमवलेल्या रकमेतूनच चढणाऱ्याच्या प्रवासाचा खर्च भागवला जातो. म्हणजे देणारा समजतो आपण रुग्णालयाला दिले, आणि त्यातले बरेचसे गेलेले असतात कुणाच्या तरी विमानाच्या तिकिटाला. आम्ही तेवीस जणी होतो. बस, बारी गावातलं जेवण आणि वाटाड्या मिळून माणशी साडेपाचशे खर्च येत होता. सहा जणींना तो झेपणारा नव्हता. म्हणून उरलेल्या सतरा जणींनी साडेसातशे घातले, वेगळ्या डब्यात. शंभर रुपये उरले, त्यांची लिंबं आणि गूळ आणला.

तिसरी अट थोडी उशिरा सुचली आणि तीच सगळ्यात महत्त्वाची ठरली. सुरुवातीला आम्ही ठरवलं होतं, दर शंभर मीटर उंचीला दहा रुपये. शिखर १६४६ मीटर, म्हणजे एका देणगीदाराचे साधारण एकशे पासष्ट रुपये. हिशेबवाली मैत्रीण हसली, "बारी गावच निम्म्या उंचीवर आहे. तितकी उंची तर आपली बसच चढते, तिचे पैसे कुणाच्या नावावर?" पण खरा धोका वेगळाच होता. पैसे शिखराला बांधले, की मधेच दम लागलेली, चक्कर आलेली, गुडघा दुखावलेली बाई थांबणार नाही. आपल्यामुळे निधीचे पैसे बुडतील म्हणून ती ओढत राहील. घरात हेच तर करत आलो आपण! तेव्हा ठरलं, की पैसे निघण्याचे. कुणी कुठूनही परत फिरलं, तरी पैसे तेवढेच.

आणि कायद्याची बाजू. आमचा गट नोंदणीकृत नाही. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ती घेतली, पावतीपुस्तकं छापली, हिशेब तपासायला गटाबाहेरच्या एका शिक्षिकेला बसवलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण बायकांच्या संघटनेच्या पैशाकडे बघणारे डोळे जरा जास्तच बारीक असतात.

खरा चढ

सरावासाठी दर रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचं ठरलं. मला वाटलं होतं, अडचण पायांची येईल. अडचण आली रविवारची.

"रविवारी सगळे घरी असतात," असं जवळपास प्रत्येकीनं सांगितलं. सगळे घरी असतात म्हणून ती बाहेर पडू शकत नाही! आमच्यातली एक अंगणवाडी मदतनीस आहे. तिनं तीन आठवडे घरात 'मीटिंग आहे' असं सांगितलं. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "मीटिंगला नाही म्हणत नाहीत, पण मी डोंगरावर जाते म्हटलं की हसतील." पंधरा वर्षं चळवळीत असलेल्या बाईला 'मला चालायला जायचंय' एवढं घरात सांगता येत नव्हतं. आम्ही घराबाहेर पडतो ते कुणाच्या तरी कामासाठी. दवाखाना, बाजार, शाळा, देऊळ आणि फार तर संघटना. निव्वळ स्वतःच्या पायांसाठी, स्वतःच्या छातीत वारा भरून घेण्यासाठी बाहेर पडण्याला आपल्याकडे नाव नाही. निधीचं कारण नसतं तर या तेवीस जणींतल्या पंधरा तरी आल्या नसत्या, हे मला कबूल केलं पाहिजे. निधीनं त्यांना डोंगर दिला. याचं मला थोडं वाईटही वाटतं, कारण स्वतःसाठी म्हणून त्या निघाल्या नसत्या.

आमच्यातल्या चौघी जणी घरकाम करतात. त्यांनी आपापल्या कामाच्या घरी पैसे मागितले. एका बाईंनी पाचशे रुपये दिले, पावती घेतली, कौतुक केलं आणि महिनाअखेरीला त्या दिवसाचा खाडा कापला. आम्ही सगळ्या या गोष्टीवर खूप हसलो. मग मावशी शांतपणे म्हणाल्या, "हसताय काय? तुमच्या वेगळ्या डब्यात माझ्या खाड्याचे पैसे कुठे होते?" नव्हतेच. भाड्याचा विचार आम्ही केला, मजुरीचा केला नाही. आणि तारीख-निधीचं सगळं गणितच मुळी बुडालेल्या मजुरीचं! दुसऱ्यांच्या बाबतीत जे आम्हाला दिसतं, ते शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या बाबतीत दिसलं नाही.

कळसूची गोष्ट

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही घोटीवरून बारीला पोचलो. हा भाग अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, अकोले तालुक्यातला. महादेव कोळी समाजाची वस्ती. राहीबाई पोपेरे, ज्यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, त्या याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. भाताची खाचरं कापून झालेली होती.

चढायच्या आधी गोलात बसून कळसूची गोष्ट सांगायची असं ठरलं होतं. ती वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात. एक अशी: कळसू ही कोळ्यांची मुलगी, रानावनात भटकायची आवड असलेली. फिरत फिरत ती पायथ्याच्या इंदोऱ्यात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली, मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला सांगितलं. तिनं ती घासली, आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. जिथे तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून ओळखतात.

गोष्ट संपल्यावर मावशी म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं. आधी ठरवून घेतलं होतं ना? आम्ही पण कपडे-भांडी ठरवतो. मग हळूच फरशी येते. मग पाहुणे येतात. मग म्हणतात, एवढं काय त्यात!"

मला तिथे हिरकणी आठवली. रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेली गवळण. तिच्या नावाचा बुरूज आहे, एसटीची गाडी आहे, बाळाला पाजायच्या खोल्यांना तिचं नाव आहे. तिचं धाडस मोठंच होतं. पण आपल्या समाजाला ते लगेच कळलं, कारण ती मुलासाठी उतरली. कळसू स्वतःच्या शब्दासाठी चढली. तिचं काय करायचं ते न कळून आपण तिची देवी केली आणि ती का चढली हे विसरलो. तिला नारळ वाहतो, आणि घरी कामाला येणाऱ्या मुलीला ठरवलेल्याहून जास्तीची भांडी देतो.

वाटेवर

पायथ्याजवळ देवीचं एक मंदिर आहे. ज्यांना शिखरापर्यंत जाणं होत नाही, ते इथेच हात जोडून परततात. मला ही व्यवस्था फार आवडली. डोंगराशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हे कळलेलं आहे, की न झेपणं हा गुन्हा नाही.

आमच्यातल्या एकीची पाळी आदल्या रात्री आली होती. 'वर मंदिर आहे, तू चढू नकोस,' असं एकीनं हळूच सुचवलं. दुसरी लगेच उसळली, 'मग तर तिनं आत गेलंच पाहिजे!' दोघींनी तिला न विचारताच तिचा निर्णय घेऊन टाकला होता. ती म्हणाली, "मला आधी हे सांगा, वाटेत आडोसा कुठे आहे?" पहाटेपासून कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. पुढच्या वेळी कार्यक्रम आखताना पहिला मुद्दा संडासाचा असेल आणि दुसरा घोषणेचा.

चढाला कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे इतकी गर्दी होते, की शिडीवर रांग लागते. म्हणून आम्ही हिवाळ्यातला आणि तोही आठवड्याच्या मधला दिवस धरला होता. पहिली शिडी सगळ्या चढलो. दुसरीच्या मध्यावर आमच्यातल्या एका शिक्षिकेचे हात थरथरू लागले. पन्नाशीची बाई, डोळे मिटून शिडीला बिलगून उभी. मी तिच्या खालच्या पायरीवर होते. वरून हाका येत होत्या, "चला ताई, थोडंच राहिलं!" मी सांगितलं, "हाका मारू नका." एकेक पायरी मोजत आम्ही दोघी खाली उतरलो. त्या दिवशी मी शिखरावर गेले नाही. एकवीस जणी गेल्या. अलंग, मदन, कुलंग दिसले, भंडारदऱ्याचं पाणी दिसलं, असं त्यांनी खाली येऊन सांगितलं. आम्ही दोघींनी एका झाडाखाली बसून गूळ खाल्ला. तिनं मला तिच्या लग्नाची गोष्ट सांगितली, जी दहा वर्षांच्या ओळखीत कधी सांगितली नव्हती.

परत आल्यावर माझ्या एका मावसभावानं विचारलं, "शिखरावर गेलीस ना? नाही? मग निम्मे पैसे द्यायचे की काय?" तो थट्टाच करत होता. मी त्याला तिसरी अट वाचून दाखवली आणि पूर्ण पैसे घेतले.

जिथे जेवलो तिथे

बारीत एका घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवली होती. वाढता वाढता घरच्या बाईंनी विचारलं, कशासाठी आलात? आम्ही जरा अभिमानानं सांगितलं. त्या हसल्या. "तुम्ही डोंगर चढता म्हणून लोक पैसे देतात होय? आम्ही नवरात्रात अनवाणी चढतो. एरवी लाकडाला जातो, गुरांमागं जातो. उतरताना डोक्यावर मोळी असते. आम्हाला तर कुणी काही दिलं नाही!"

त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं, पण माझा घास अडकला. आपण ज्याला आव्हान म्हणतो ते कुणाचं तरी रोजचं काम असतं. फरक इतकाच की आपण ते एकदा, निवडून, बूट घालून करतो. ब्रिटनमध्ये तीन देशांतली तीन उंच शिखरं चोवीस तासांत चढून धर्मादाय निधी जमवण्याची मोठी प्रथा आहे. मधल्या शिखराच्या पायथ्याच्या वॅसडेल खोऱ्यातल्या रहिवाशांनी रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्या, कचरा, आवाज यांबद्दल पुष्कळ तक्रारी केल्या आहेत. जमलेले पैसे जातात दूरच्या चांगल्या कामाला आणि घाण राहते डोंगराच्या गावाला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. आम्ही आमचा कचरा परत आणला, जेवणाचे पैसे घासाघीस न करता दिले, वाटाड्याही गावातलाच घेतला. पण तेवढ्यानं त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

मग त्यांनी तारीख-निधीबद्दल नीट विचारून घेतलं. भांडी आवरत असताना पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "हे पैसे अकोल्याच्या कोर्टाला पण चालतात का?" घरातल्याच एका मुलीची केस होती. आमचं काम नाशिक जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांपुरतं. आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतं. बसमध्ये परतताना कुणी गाणी म्हटली नाहीत. अकोल्याचं काय करायचं यावर वाद चालला होता.

हिशेब

निधीत एकूण ७४,३५० रुपये जमले. सगळ्यात मोठी देणगी पाच हजारांची, सगळ्यात लहान दहा रुपयांची. देणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक लोक असे, ज्यांच्याकडे आम्ही आजवर कधी काही मागितलं नव्हतं. एका तारखेचे सहाशे धरले, तर सव्वाशेच्या आसपास तारखा झाल्या. पंचवीस बायका, महिन्याला एकीची एक तारीख, म्हणजे पाच महिने. तेवीस जणींची चार महिन्यांची खटपट आणि त्यातून पाच महिन्यांचं भाडं. हे गणित मी मुद्दाम मांडते आहे. डोंगर चढून निधी जमतो, पण डोंगर चढून न्यायव्यवस्था चालत नाही. अशा कार्यक्रमांनी चळवळ चालेल असं कुणी म्हणत असेल, तर त्या मैत्रिणीनं हा भागाकार करून बघावा.

मग माझं मत काय झालं? मी विरोधात होते, आता मी अटींसह बाजूनं आहे. मागण्याला मी भीक समजत होते, ते चुकलं. आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे दहा रुपये मागणं म्हणजे त्यांना या लढ्यात दहा रुपयांपुरतं सामील करून घेणं. कंपनीच्या एका धनादेशानं तितकेच पैसे आले असते, पण तीनशे माणसांनी साठ दिवसांची तरतूद वाचली नसती. मात्र देणगीबरोबर मागणीही चालली पाहिजे. आमच्या दोन तालुक्यांत किती अर्ज साठ दिवसांच्या पलीकडे पडून आहेत, याची माहिती आम्ही माहितीच्या अधिकारात मागवली आहे. ती हाती आली की पुढचा मोर्चा त्या आकड्यांवर निघेल. डोंगरावर नाही, कोर्टाच्या आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या रस्त्यावर.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरतंय. खाड्याचे पैसे वेगळ्या डब्यात आधी धरायचे, जमलेल्या निधीतला एक हिस्सा अकोल्यातल्या तारखांसाठी ठेवायचा आणि तिथल्या कार्यकर्त्यांशी बोलून तो कसा पोचवायचा ते ठरवायचं, असे तीन ठराव झाले आहेत. चौथ्यावर अजून वाद आहे. बारीच्या त्या बाईंना आणि त्यांच्या शेजारणींना आमच्याबरोबर चढायला बोलवायचं का? काहीजणी म्हणतात, नक्की बोलवायचं. माझ्या मते त्यांना मोळीशिवाय चढायची एक सकाळ मिळणार असेल तर बोलवावं, आणि ती मिळणार नसेल तर आपण जाऊन आधी त्यांची मोळी उचलावी. शिडीवर थरथरलेल्या आमच्या शिक्षिकेनं मात्र आपलं ठरवून टाकलं आहे. ती पायथ्याच्या मंदिराशी पावतीपुस्तक घेऊन बसणार आहे.

तुमच्या गटात निधीसाठी असं काही केलं असेल, फसलं असेल, भांडणं झाली असतील, तर जरूर लिहा. विशेषतः हिशेबासकट लिहा.